टॉरी कॅन्यन : रोगापेक्षा औषध भयंकर

समुद्रात सांडलेलं तेल बॉम्ब टाकून जाळता येईल का? प्रश्न वेडगळ वाटतो ना? पण १९६७ च्या मार्च महिन्यात इंग्लंडच्या सरकारने आपल्याच किनाऱ्याजवळ विमानं पाठवून खरोखर हा प्रयोग केला होता.

आपल्याकडे १९६७ म्हटलं की कोयनेचा भूकंप आठवतो. त्यामुळे ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. मी तेव्हा शाळेत होते, पण माझ्या कानावर तेव्हा काही आलं नव्हतं. पुढे मास्तरकी करताना भूगोलात जलप्रदूषण शिकवायची वेळ आली, तेव्हा तेलवाहू जहाजांना एक वाक्य मिळालेलं दिसलं. अपघात होतो, तेल सांडतं, मासे नि पक्षी मरतात. संपलं! पण तेलाने किती मेलं आणि माणसाच्या उपायाने किती मेलं, हा हिशेब त्या वाक्यात नसतो. मला तोच सांगायचा आहे.

जहाजाचं नाव टॉरी कॅन्यन. १९५९ साली अमेरिकेत बांधलेलं. नंतर जपानमध्ये नेऊन ते मधोमध कापलं, लांबवलं आणि त्याची क्षमता जवळजवळ दुप्पट, सुमारे १ लाख २० हजार टन केली. त्या काळी जगातल्या सर्वांत मोठ्या जहाजांपैकी ते एक होतं. झेंडा लायबेरियाचा, मालक बर्म्युडात कागदोपत्री नोंदलेली कंपनी, तिच्याकडून ते चालवायला घेतलेलं एका अमेरिकन तेल कंपनीने, या फेरीपुरतं भाड्याने घेतलेलं ब्रिटिश पेट्रोलियमने, कप्तान आणि खलाशी इटालियन, आणि पोटात कुवेतचं १ लाख १९ हजार टन कच्चं तेल. बारभाईची खेती म्हणतात ती हीच! हे लक्षात ठेवा, पुढे नुकसानभरपाईच्या वेळी लागेल.

कुवेतहून आफ्रिकेला वळसा घालून जहाज वेल्समधल्या मिलफोर्ड हेवन बंदराकडे निघालं होतं. एवढं खोल जहाज बंदरात शिरायला मोठी भरती हवी. ती १८ मार्चच्या रात्री होती. ती चुकली तर पाच-सहा दिवस बाहेर थांबायचं. कप्तान रुजियाती यांच्या डोक्यावर ही घाई बसलेली. सिली बेटांना बाहेरून वळसा घालण्याऐवजी त्यांनी बेटं आणि 'सेव्हन स्टोन्स' नावाचे खडक यांच्यामधल्या वाटेने जायचं ठरवलं. पुढे मासेमारीच्या होड्या नि जाळी आली, वळायला उशीर झाला. खडकांजवळच्या दीपनौकेने धोक्याचे बाण सोडले. शेवटच्या क्षणी चाक फिरवलं तर जहाज वळेना, कारण सुकाणूचा खटका भलत्याच जागी राहिला होता. सकाळी पावणेनऊच्या सुमारास पूर्ण वेगात जहाज खडकावर चढलं. आपल्या घाटातल्या पाट्यांवर लिहिलेलं असतं ना, 'अति घाई संकटात नेई', अगदी तसंच.

चौकशीत सगळा दोष कप्तानावर आला, त्यांचा परवाना गेला. नंतर ते आजारी पडून इटलीत इस्पितळात होते, तिथे छायाचित्रकार शिरले. त्यांना चुकवायला खाटेखाली लपलेल्या त्या माणसाचा फोटो वर्तमानपत्रांनी छापला. चूक त्यांची होतीच. पण भरतीची वेळ गाठण्याची घाई त्यांच्या एकट्याची होती असं मला काही वाटत नाही.

असो. आता मुख्य गोष्टीकडे येते.

जहाज इंग्लंडच्या सागरी हद्दीच्या बाहेर, खुल्या समुद्रात अडकलं होतं. परक्या देशाचं जहाज. त्याला हात लावायचा अधिकार आपल्याला आहे का, हेच सरकारला नक्की कळेना. डच कंपनीची माणसं जहाज ओढून काढायचा प्रयत्न करत होती. त्यात इंजिनखोलीत स्फोट होऊन त्यांच्यातला एकजण दगावला. २६ मार्चला, नेमक्या ईस्टरच्या रविवारी, जहाजाचा कणाच मोडला. मग २८ तारखेपासून विमानं गेली. पहिल्या दिवशी हजार-हजार पौंडांचे ४२ बॉम्ब टाकले, त्यातले बरेच चुकले. जहाज जागेवरून हलत नव्हतं तरी! पेट घेतलेली आग भरतीच्या पाण्याने विझायची, मग विमानांनी इंधन ओतायचं, नापाम टाकायचं, पुन्हा पेटवायचं. तीन दिवस हा खेळ चालला. पण तोवर हजारो टन तेल किनाऱ्याकडे निघून गेलं होतं.

कॉर्नवॉल हा इंग्लंडचा नैर्ऋत्येकडचा कोपरा. सुंदर वाळूचे किनारे आणि सुट्टीला येणाऱ्या लोकांवर चालणारी गावं. पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांचंही सुट्टीतलं घर सिली बेटांवरच होतं. ईस्टर म्हणजे हंगामाची सुरुवात. तेव्हा किनारा काळा दिसता कामा नये, आणि सरकार काहीतरी करतंय हे दिसलं पाहिजे. उपाय हाताशी होता तो डिटर्जंटचा. पण हा आपल्या घरातला कपड्यांचा साबण नव्हे हं. जहाजांच्या टाक्या आणि इंजिनखोल्या धुण्यासाठी बनवलेलं रसायन होतं ते. साबणाचा अंश थोडा आणि त्यात खनिज तेलापासून काढलेला जहाल द्रावक. किनाऱ्यावर आलं साधारण १४ हजार टन तेल, आणि त्यावर ओतलं सुमारे १० हजार टन डिटर्जंट! सैनिक नि स्वयंसेवक राबत होते, काही ठिकाणी तर कड्यावरून पिंपंच्या पिंपं खाली रिकामी केली.

प्लिमथला सागरी जीवशास्त्राची जुनी प्रयोगशाळा आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी हातातली कामं बाजूला ठेवली आणि किनारे पालथे घातले. पुढच्याच वर्षी त्यांचं पुस्तक आलं. त्यांना दिसलं ते असं : तेलाने समुद्रपक्षी मेले, हजारोंनी. धरून, धुऊन सोडलेल्यांतलेही फारच थोडे जगले. पण कातळावरचे जीव निव्वळ तेलाने तेवढे मेले नव्हते, ते मेले डिटर्जंटने. दहा लाख भाग पाण्यात त्याचे दोन-चार भाग मिसळले तरी काही जीवांना ते पुरे होतं.

यात माझ्या सगळ्यात आवडीचा भाग लिंपेटचा. कातळाला घट्ट चिकटलेला, चिनी टोपीसारख्या कवचाचा हा लहानसा प्राणी. आपल्या कोकणातल्या कातळांवरही याचे भाऊबंद असतात. दिसायला दगडासारखा ढिम्म, पण भरतीच्या वेळी तो हळूहळू सरकतो आणि कातळावरचं कोवळं शेवाळ खरवडून खातो. म्हणजे कातळाचा गुराखी नि गाय दोन्ही तोच. डिटर्जंटने हे लिंपेट सरसकट मेले. मग काय, चरायला कुणी नाही! काही आठवड्यांत कातळ हिरवेगार झाले. बघणाऱ्याला वाटावं, वा, निसर्ग सावरला! पण ते सावरणं नव्हतंच. हिरव्या शेवाळानंतर तपकिरी शेवाळाचं दाट रान माजलं, त्याखाली खडकावरचे इतर कवचवाले जीव गुदमरले. त्या ओल्या सावलीत पुढे लिंपेटची पिल्लं बेसुमार वाढली, त्यांनी रान फस्त केलं, आणि खाणं संपल्यावर तीच उपाशी मरू लागली. कातळ उघडे पडले. हा झोका थांबून घडी पूर्वीसारखी बसायला पोर्थलेव्हनसारख्या जास्त फवारलेल्या ठिकाणी तेरा-चौदा वर्षं लागली.

आणि गोड्रेव्हीला? तिथे सील राहतात. त्यांना त्रास नको म्हणून डिटर्जंट वापरलंच नाही. किनारा काळाकुट्ट दिसला, लोकांनी नाकं मुरडली असतील. पण लिंपेट बरेचसे जगले, आणि कातळावरचं तेल शेवाळासकट खरवडून खाऊ लागले! दोन-तीन वर्षांत तो किनारा पूर्ववत झाला. एकच तेल, एकच समुद्र. एकीकडे तीन वर्षं, दुसरीकडे तेरा. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

काही तेल पलीकडे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात गेलं. तिथे कालवांची शेती आणि मासेमारी हेच पोट, म्हणून फ्रेंचांनी डिटर्जंट बहुतेक टाळलं. समुद्रात खडूची भुकटी टाकून तेल बुडवलं, किनाऱ्यावर पेंढा आणि भुसा टाकून हातांनी उपसलं. त्यांचंही नुकसान झालंच. सेत-ईल बेटांवरचे पफिन पक्षी फार मोठ्या प्रमाणात गेले.

आता भरपाई. अमेरिकेतल्या कोर्टात मालकांतर्फे सांगण्यात आलं की आमची जबाबदारी जहाजाच्या उरलेल्या किमतीएवढी, आणि उरली आहे एक जीवरक्षक होडी, किंमत ५० डॉलर! शेवटी इंग्लंडने त्याच मालकांचं दुसरं जहाज, लेक पालूर्द, सिंगापूरला आल्याबरोबर गाठलं आणि वकिलाने त्याच्या डोलकाठीला कोर्टाचा कागद चिकटवला. १९६९ मध्ये ३० लाख पौंडांवर तडजोड झाली, इंग्लंड नि फ्रान्सने वाटून घेतले. त्याच वर्षी तेल सांडल्यास जहाजाच्या मालकाने भरपाई द्यायची असा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि खुल्या समुद्रातल्या अशा जहाजावर किनाऱ्याच्या देशाला कारवाई करता येईल असा दुसराही. १९७३ मध्ये 'मारपोल' करार आला. त्याने अपघातांबरोबरच टाक्या धुऊन तेलकट पाणी समुद्रात सोडण्यावर बंधनं आणली. त्या काळी अपघातांपेक्षा अशा रोजच्या धुण्यानेच जास्त तेल समुद्रात जात असे. पावसाळ्याच्या तोंडावर कोकण-गोव्याच्या वाळूत पायाला चिकटणाऱ्या डांबरगोळ्या आठवतात ना, त्याही समुद्रात गेलेल्या तेलाच्याच.

कायद्यांचा उपयोग झाला, नाही असं नाही. १९७० च्या दशकात ७०० टनांहून मोठ्या तेलगळती वर्षाला वीसच्या वर व्हायच्या. २०१० ते २०१९ मध्ये सरासरी दोनच्या आत आल्या. डिटर्जंटही पुढे कमी विषारी बनवली गेली. पण १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन वाल्डीझ फुटलं तेव्हा किनारे गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी धुतले, आणि नंतर अभ्यासकांना आढळलं की धुतलेल्या कातळांवरचे जीव न धुतलेल्यांपेक्षा जास्त मेले. म्हणजे बावीस वर्षांनी, दुसऱ्या खंडात, पुन्हा तेच!

टॉरी कॅन्यनचं काही तेल गर्न्सी बेटावर गोळा करून एका जुन्या दगडखाणीत ओतलं होतं. ते तिथे पुढे चाळीसहून अधिक वर्षं पडून होतं, आणि पाणी समजून उतरणारे पक्षी त्यात मरत होते. २०१० च्या सुमारास ते तेल खाणारे जिवाणू वापरून खाण साफ करायचं काम सुरू झालं.

माझी भाची ब्रिस्टलला असते. तिला म्हटलंय, उन्हाळ्यात कॉर्नवॉलला गेलीस तर गोड्रेव्ही नि पोर्थलेव्हन दोन्हीकडच्या कातळांचे ओहोटीच्या वेळचे फोटो काढून पाठव. आले की इथे टाकते.