ड्रेस्डेनचा ऑर्गन: प्रतिकृती की नवे वाद्य?

१७३६ साली जर्मनीतील ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्श या चर्चमध्ये गॉटफ्रिड झिल्बरमानने पाइप ऑर्गन उभारला. (मराठी नाट्यसंगीतातला ऑर्गन पितळी पात्यांवर वाजतो, हा नळ्यांत वारा सोडून.) त्याच वर्षी १ डिसेंबरला त्यावर योहान सेबास्टियन बाखने वादन केले.

फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात चर्च जळाले, घुमट कोसळला आणि ऑर्गनही गेला.

जर्मनीच्या एकीकरणानंतर चर्च पुन्हा बांधले गेले. ढिगाऱ्यातले काळवंडलेले दगड भिंतींत परतले. दगडांवर फारसा वाद नव्हता. तो पेटला ऑर्गनवरून. एका पक्षाला झिल्बरमानच्या वाद्याची हुबेहूब प्रतिकृती हवी होती. दुसऱ्याचे म्हणणे असे, की अशा वाद्यावर नंतरच्या शतकांतील संगीताला न्याय मिळणार नाही. शिवाय जळालेला ऑर्गन तरी १७३६ चा कुठे उरला होता? दोन शतकांत त्यात अनेक बदल झाले होते. मग प्रतिकृती नेमक्या कोणत्या वर्षाची?

काम मिळाले फ्रान्समधील स्ट्रासबुर्गच्या डॅनिएल केर्न यांना. त्यांनी झिल्बरमानची रचना पाया मानली आणि तिच्या तीन कीबोर्डना चौथा जोडला, एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वळणाचा. दर्शनी भाग मात्र जुन्यासारखाच. २००५ मध्ये हजारो नळ्यांचे हे वाद्य वाजू लागले.

प्रतिकृतीच्या समर्थकांना ही तडजोड रुचली नाही. पण फ्रेंच वळण झिल्बरमानला परके नव्हतेच. ही कला तो थोरला भाऊ आंद्रेआसकडे शिकला होता, तीही स्ट्रासबुर्गमध्येच.