वाक्यारंभीचा 'बट'

इंग्रजी वाक्य 'अँड' किंवा 'बट'ने सुरू करू नये, हे आपल्या शाळांतून इतक्या ठामपणे सांगितले जाते की मोठेपणी साधा अर्ज लिहितानाही हात अडखळतो. त्यामागचा युक्तिवाद असा: उभयान्वयी अव्यय दोन गोष्टी जोडते, ते आरंभीच आले तर एक बाजू रिकामी राहते, म्हणून वाक्य अपुरे.

पण जोडायची पहिली गोष्ट त्याच वाक्यात हवी, हे कशावरून? ती मागच्या वाक्यात असतेच. 'हाउएव्हर'लाही मागच्या वाक्याचाच आधार लागतो. त्याला कोणी हरकत घेत नाही.

खरा घोळ दोन जातींच्या सरमिसळीत आहे. 'बिकॉज इट रेन्ड' एवढ्यावर पूर्णविराम दिला तर वाक्य खरोखरच अधुरे राहते, कारण गौणत्वसूचक 'बिकॉज' आपल्या उपवाक्याला मुख्य वाक्याच्या दारी उभे करते. प्रधानत्वसूचक 'बट' तसे करत नाही. 'बट ही केम' यात कर्ता आहे, क्रियापद आहे, विधान पुरे आहे. पहिल्याचा दोष दुसऱ्याच्या माथी मारला गेला. शिवाय 'बिकॉज'लाही आरंभाची बंदी नाही. पुढे मुख्य वाक्य आले की झाले.

'बोलण्यात चालेल, गंभीर लेखनात नको,' असे कोणी म्हणेल. अमेरिकेच्या 1776च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातले शेवटचे वाक्य 'अँड'ने सुरू होते. 1863च्या गेटिसबर्गच्या भाषणात लिंकन 'बट'ने वाक्य उघडतात. याहून गंभीर लेखन कोणते? 1611च्या इंग्रजी बायबलात उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील 31 वचनांपैकी 29 'अँड'ने सुरू होतात; तिथे मूळ हिब्रूचा ठसा आहे, म्हणून त्यावर मी फार भर देत नाही. फाउलरच्या प्रसिद्ध कोशाची 1965ची आवृत्ती सिद्ध करताना सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी मात्र या नियमाला सरळ अंधश्रद्धा ठरवले.

शिक्षकांची चिंता मला समजते. मुलांच्या निबंधात 'अँड देन, अँड देन'ची माळ लागते, हे खरेच आहे. तो एकसुरीपणाचा दोष आहे, व्याकरणाचा नव्हे, आणि मुलाला तो तसाच सांगायला हवा. वाक्यारंभी 'बट' दिसला तर मागच्या विधानाशी खरोखर विरोध आहे का, एवढेच तपासावे. नसेल तर तो खोडावा. वाक्याच्या मध्ये असता तरी खोडावाच लागला असता.