नख मांसात रुततंय? कोपरा खोल कापण्याआधी हे वाचा

रात्री अंगठ्यावर नुसती चादर पडली तरी कळ जाते. बुटात पाय घालणं नकोसं होतं आणि नखाच्या बाजूची कातडी लाल होऊन टम्म फुगते. अशा वेळी बहुतेक जण नेलकटर घेऊन दुखणारा कोपरा आणखी खोल कापतात. दोन-चार दिवस बरं वाटतं, मग काही आठवड्यांनी तेच दुखणं आधीपेक्षा जोरात परत येतं.

या दुखण्याला डॉक्टर 'इनग्रोन टोनेल' म्हणतात. म्हणजे नखाची कड बाजूच्या मांसात रुतणं. बहुतेकदा ते पायाच्या अंगठ्यालाच होतं.

कोपरा कापल्यावर आत काय होतं?

नेलकटर कोपऱ्यात पूर्ण आतपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे कातडीखाली नखाचा एक बारीक, टोकदार तुकडा शिल्लक राहतो. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं आणि वाढता वाढता हे टोक काट्यासारखं मांसात घुसतं. शरीराच्या दृष्टीने तो परका काटाच असतो. म्हणून आधी सूज येते, मग पू होतो आणि दुर्लक्ष केलं तर नखाच्या बाजूला लालभडक, ओलसर मांस वाढतं. त्याला जरा धक्का लागला तरी रक्त येतं.

चुकीचं कापणं हे एक कारण झालं. पुढे निमुळते बूट, घामट मोजे, लोकलच्या गर्दीत अंगठ्यावर पडलेला कुणाचा तरी पाय, फुटबॉल आणि जन्मतःच वळलेली नखं हीसुद्धा कारणं आहेत. किशोरवयात पायाला घाम जास्त येतो, कातडी मऊ पडते, म्हणून शाळा-कॉलेजातल्या मुलांमध्ये हे दुखणं बरंच दिसतं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही हा त्रास होऊ शकतो. तशा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

लिंबू लावून चालेल का?

नखुरडं झालं की बोटाला लिंबू अडकवायचं, हा घरोघरचा उपाय. पण नखुरडं म्हणजे नखाच्या कडेला झालेला जंतुसंसर्ग, आणि इथे मूळ दुखणं रुतलेल्या टोकाचं आहे. लिंबाने ते टोक बाहेर येत नाही, उघड्या जखमेची आग मात्र होते. अँटिबायोटिकचंही तसंच. गोळ्यांनी पू कमी होईल, पण काटा आत असेपर्यंत तो पुन्हा होणार.

नुसती लाली आणि दुखणं असेल, पू नसेल, तर घरी उपाय करून बघता येतो. कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा 15-20 मिनिटं पाय बुडवून ठेवा. कातडी मऊ झाली की ती नखापासून हलकेच बाजूला सरकवा आणि नखाच्या कडेखाली स्वच्छ कापसाची बारीक वात सरकवा. कड वर उचललेली राहिली की नख मांसावरून वाढत पुढे जातं. वात रोज बदलायची. पुढून उघडी चप्पल वापरा. काही दिवसांत फरक पडला नाही तर थांबू नका.

जूचंद्रमध्ये पावसाळ्यात जास्त जपायला का हवं?

नायगाव पूर्वेचं जूचंद्र रांगोळी कलाकारांचं गाव म्हणून ओळखलं जातं. अंगठा ठणकत असताना तासन् तास उकिडवं बसून रांगोळी काढणं किती अवघड, हे वेगळं सांगायला नको. पण खरा धोका पाण्याचा आहे. खाडी, मिठागरं आणि सखल भाग यामुळे वसई-विरार पट्ट्यात पावसाळ्यात पाणी तुंबतं. जुलै 2018 मध्ये तर लोकलसुद्धा बंद पडल्या होत्या. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशा पाण्यात असू शकतात आणि ते कातडीवरच्या जखमेतून शरीरात शिरतात. चिघळलेला अंगठा ही जखमच आहे. अशा पायाने साचलेल्या पाण्यातून जावं लागलं तर पाय साबणाने धुऊन कोरडे करा आणि प्रतिबंधक गोळी हवी का, हे लगेच डॉक्टरांना विचारा. नंतर ताप आला तर पाण्यातून गेल्याचं आवर्जून सांगा.

मधुमेह असेल तर घरगुती उपायाच्या वाटेलाच जाऊ नका. पायाची संवेदना कमी झालेली असली की दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून जखम कळत नाही. रक्तपुरवठाही कमी असेल तर ती लवकर भरत नाही. नखाच्या कोपऱ्यातली जखम पुढे बोट कापण्यापर्यंत जाऊ शकते.

ऑपरेशन म्हणजे पूर्ण नख काढायचं का?

बहुतेकदा नाही, आणि लोक घाबरतात ते नेमकं याला. नुसतं पूर्ण नख उपटलं तर ते पुन्हा उगवतं, आणि बरेचदा पुन्हा रुततं. आज जास्त केला जातो तो उपाय छोटा आहे. अंगठ्याच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन देतात, नखाची फक्त रुतलेली पट्टी उभी कापून काढतात आणि तिच्या मुळाला फिनॉल लावतात. फिनॉलने तेवढ्याच भागातलं मूळ जळतं, तिथे पुन्हा नख येत नाही आणि दुखणं उलटण्याची शक्यता बरीच कमी होते. ही पद्धत 1945 पासून माहीत आहे. यातलं सगळ्यात त्रासदायक म्हणजे ते इंजेक्शन. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. जखम काही आठवडे पाझरते आणि नख थोडं अरुंद दिसतं, इतकंच. त्वचारोगतज्ज्ञ किंवा सर्जन हे करतात. पार्लरमध्ये पेडिक्युअर करताना कोपरा 'साफ' करून घेणं हा याला पर्याय नाही.

उपचार करूनही अंगठ्यावरचं वाढलेलं मांस किंवा जखम दोन-तीन महिने तशीच राहिली, तर तपासणीसाठी तुकडा पाठवायला लागू शकतो. क्वचित नखाखालचा कर्करोगही असाच दिसतो.

पुढच्या वेळी नख आंघोळीनंतर, मऊ असताना, सरळ रेषेत कापा. कोपरे गोल करू नका, पांढरी कड थोडी राहू द्या. बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. आणि जूनमध्ये मुलांना मागच्या वर्षीचेच शाळेचे बूट घालायला लावण्याआधी, उभं करून पुढे अंगठ्याला जागा उरते का, ते बोटाने दाबून बघा.