स्वतंत्रपूर : भिंतींवाचून कारावास

औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये आटपाडीनजीक स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसविली. मूळ कल्पना पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांची. माणदेशाच्या अवर्षणग्रस्त भूमीत शिक्षा भोगणारा बंदी येथे पत्नी व मुलांसह राहू लागला. दिवसा शेतात राबावे आणि सायंकाळी स्वतःच्या चुलीपाशी परतावे, असा त्याचा दिनक्रम होता. कुंपणाचे कार्य एका अर्थी कुटुंबच करीत असे. या प्रयोगाचे बळ यातच होते, आणि अडचणही. जिच्यावर कोणताही गुन्हा शाबीत नव्हता, त्या स्त्रीचा संसारही पतीच्या शिक्षेच्या मुदतीशी बांधला गेला. ग. दि. माडगूळकरांच्या कथेवर आधारित, व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटात हा पैलू गौण ठरला. तेथे कैद्यांना रोखते ती जेलरची नैतिक दृष्टी. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, वसाहत मात्र टिकली. पुढे विदर्भात, यवतमाळला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यात, मोर्शी येथे खुले कारागृह निघाले. तेथील बंदीही शेतीच करतो, परंतु कुटुंबावाचून.