गाणं कुणाच्या नावावर?

बचत गटाच्या बैठकीत मी एक प्रश्न नेहमी विचारते, घर कुणाच्या नावावर आहे? आज तोच प्रश्न गाण्याबद्दल विचारायचा आहे. गाणं आहे अमेरिकेतलं, 'कंट्री म्युझिक' म्हणतात ते. म्हणजे तिथल्या डोंगराळ खेड्यांतल्या, शेतकरी-खाणकामगारांच्या घरांतलं गाणं. त्यातलं फिडल युरोपातून आलं. बँजोचं मूळ मात्र आफ्रिकेत, गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर आलेलं.

1927 सालचा ऑगस्ट महिना. ब्रिस्टल नावाच्या गावात राल्फ पीयर हे गृहस्थ रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन आले होते. व्हर्जिनियातल्या एका खेड्यातून कार्टर कुटुंब तिथे गेलं. ए. पी. कार्टर, त्यांची बायको सारा आणि साराची नात्यातली बहीण मेबल. मेबल अठरा वर्षांची आणि गरोदर. साराचं तान्हं बाळही बरोबर, आणि ते सांभाळायला मोठी मुलगी. तशा अवस्थेत या दोघींनी गाणी रेकॉर्ड केली! मुख्य आवाज साराचा. मेबल अंगठ्याने गिटारच्या जाड तारांवर चाल वाजवायची आणि बाकीच्या बोटांनी ताल धरायची. पुढे कित्येक गिटारवाले तसं वाजवायला शिकले.

गाण्यांवर लेखक म्हणून नाव मात्र बहुतेक वेळा ए. पीं.चं. ते गावोगाव फिरून जुनी गाणी गोळा करत, ही मेहनत खरीच. पण त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा एक कृष्णवर्णीय गिटारवादक फिरायचा. ए. पी. शब्द उतरवून घेत, चाल रिडल लक्षात ठेवायचा. त्याचं नाव रेकॉर्डवर आलं नाही. आणि ज्या आजीबाईंनी ओसरीवर बसून ती गाणी सांगितली, त्यांची नावं कोण लिहिणार? आपल्या जात्यावरच्या ओव्यांचं वेगळं काय झालं म्हणा. प्रकाशनाचे हक्क पीयर यांनी स्वतःकडे ठेवले. पैसा तिथेच होता, हे त्यांना चांगलं कळत होतं.

या गाण्यांना घरोघरी नेलं रेडिओने. नॅशव्हिल शहरात 1925 साली सुरू झालेला 'ग्रँड ओल ऑप्री' हा कार्यक्रम आजही चालू आहे. त्याचं केंद्र एका विमा कंपनीचं होतं, म्हणजे गाणं ऐकवायचं आणि पॉलिसीही खपवायची.

रेडिओ गाणं पोचवतो तसा अडवतोही. 1952 साली किटी वेल्सने एक गाणं गायलं. बाई बिघडते म्हणता, पण तिला फसवणाऱ्या पुरुषाचं काय, असा त्याचा रोख. तेव्हा ती बत्तीस वर्षांची, मुलाबाळांची आई. रेकॉर्डिंगचे 125 डॉलर मिळतील म्हणून ती तयार झाली होती. एनबीसी रेडिओने गाण्यावर बंदी घातली, तरी ते पहिल्या क्रमांकावर गेलं. कंट्रीच्या यादीत एकट्या बाईचं गाणं तिथवर पहिल्यांदाच पोचलं.

पुढे लोरेटा लिन आली. कोळसा खाणीतल्या मजुराची मुलगी, पंधराव्या वर्षी लग्न झालेली. 1975 साली तिने चक्क गर्भनिरोधक गोळीवर गाणं काढलं. अनेक केंद्रांनी ते वाजवलंच नाही.

मला सगळ्यात जवळची वाटते ती डॉली पार्टन. टेनेसीच्या डोंगरातल्या गरीब घरातली, बारा भावंडांतली एक. 1974 साली 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे तिचं स्वतः लिहिलेलं गाणं गाजलं. एल्विस प्रेस्लीला ते गायचं होतं. डॉली हरखून गेली. केवढा मोठा गायक! पण त्याच्या मॅनेजरने अट घातली, गाण्याचे निम्मे हक्क आम्हाला द्या. तिने नाही म्हटलं, आणि रात्रभर रडली, असं तिनेच पुढे सांगितलं. लोकांनी तिला वेड्यातच काढलं.

1992 साली व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं एका सिनेमासाठी गायलं आणि ते जगभर वाजलं. तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल. लेखिका म्हणून येणारा पैसा डॉलीचा होता, आणि हक्कही तिच्याच कंपनीकडे होते.