साहसी शर्यत

साहसी शर्यत म्हणजे डोंगर, जंगल, नदी आणि जलाशय अशा नैसर्गिक भूप्रदेशातून, कोणत्याही यंत्राचे बळ न वापरता, दोन किंवा अधिक क्रीडाप्रकार सलगपणे करीत पूर्ण करावयाची स्पर्धा होय. पदभ्रमण अथवा धावणे, सायकल चालविणे आणि वल्ही मारून होडी हाकणे हे तिचे तीन मुख्य घटक असून, त्यांच्या जोडीला दोराने कडा उतरणे, प्रस्तरारोहण, दरी ओलांडणे, पोहणे यांपैकी काही प्रकार असू शकतात. बोलण्यात हा खेळ बहुधा 'ॲडव्हेंचर रेस' या नावानेच ओळखला जातो. महाराष्ट्रात तो मुख्यतः सह्याद्रीच्या रांगांत आणि त्या रांगांमधील धरणांच्या जलाशयांवर खेळला जातो.

स्वरूप

ट्रायथलॉन आणि साहसी शर्यत यांची वारंवार गल्लत होते. ट्रायथलॉनमध्ये पोहणे, सायकल आणि धावणे यांचा क्रम व अंतर निश्चित असते, मार्ग आखलेला असतो आणि स्पर्धक एकटा उतरतो. साहसी शर्यतीत सहसा दोन ते पाच जणांचा संघ असतो. मार्ग आखून दिलेला नसतो. नकाशा, होकायंत्र आणि क्रमाने गाठावयाच्या चौक्यांची यादी तेवढी हाती दिली जाते. दोन चौक्यांमध्ये कोणत्या वाटेने जायचे हे संघाने ठरवायचे असते. त्यामुळे सर्वांत वेगवान संघ पहिला येईलच असे नाही. चुकीच्या सोंडेवरून उतरलेल्या संघाला तीच चढण पुन्हा चढावी लागते आणि पायांनी कमावलेला वेळ नकाशा घालवून बसतो.

दुसरा महत्त्वाचा नियम सांघिकतेचा आहे. संघातील व्यक्तींनी एकमेकांपासून ठरावीक अंतराहून अधिक दूर जायचे नसते आणि एकाने माघार घेतली तर बहुतेक शर्यतींत सारा संघ क्रमवारीतून बाद होतो. साहजिकच संघाचा वेग हा त्यातील सर्वांत थकलेल्या माणसाचा वेग असतो. त्याची पाठपिशवी इतरांनी वाटून घेणे, सायकलला दोरी बांधून त्याला चढणीवर ओढणे या गोष्टी नियमबाह्य नाहीत; अनुभवी संघ त्यांचाही सराव करतात.

शर्यतीचा कालावधी काही तासांपासून आठ-दहा दिवसांपर्यंत असतो. लांब पल्ल्याच्या शर्यतीत घड्याळ रात्रीही थांबत नाही. केव्हा व किती झोपायचे हा संघाचा निर्णय असतो.

उगम आणि प्रसार

या खेळाची घडण प्रामुख्याने न्यूझीलंडमध्ये झाली. रॉबिन जडकिन्स यांनी १९८३ साली दक्षिण बेटावर 'कोस्ट टू कोस्ट' ही शर्यत सुरू केली. पश्चिम किनाऱ्यावरून निघून, धावत, सायकलने आणि वायमाकारिरी नदीतून कयाकने सुमारे २४३ किलोमीटर अंतर कापत पूर्व किनाऱ्यावरील ख्राइस्टचर्चला पोहोचणे, असे तिचे स्वरूप होते. १९८९ साली फ्रेंच पत्रकार जेरार फ्यूझिल यांनी 'रेड गोल्वाझ' ही अनेक दिवसांची शर्यत भरविली. तीही पहिल्या वर्षी न्यूझीलंडमध्येच झाली. पाच जणांच्या संघात किमान एक स्त्री असलीच पाहिजे, ही तिची अट होती. मिश्र संघाचा हा प्रघात पुढे या खेळाची ओळख बनला.

मार्क बर्नेट यांची 'इको-चॅलेंज' १९९५ साली अमेरिकेतील युटा राज्यात सुरू झाली आणि दूरचित्रवाणीमुळे हा खेळ घराघरांत पोहोचला. ती २००२ नंतर बंद पडली व २०१९ मध्ये फिजी बेटांवर एकदा पुन्हा भरली. त्या वेळी ३० देशांतील ६६ संघांत 'खुकुरी वॉरिअर्स' हा भारतीय संघही होता. एव्हरेस्टवीर जुळ्या भगिनी ताशी व नुंगशी मलिक या त्याच्या सदस्य होत्या.

सह्याद्री : भूभाग आणि जलाशय

न्यूझीलंडमधील वाकाटिपू, वानाका ही सरोवरे हिमनद्यांनी कोरलेली, खोल आणि थंड आहेत. सह्याद्रीत असे नैसर्गिक पर्वतीय सरोवर नाही. महाराष्ट्रातील सर्वपरिचित नैसर्गिक सरोवर म्हणजे लोणार. परंतु ते उल्कापाताने झालेले, खाऱ्या पाण्याचे आणि संरक्षित असल्याने खेळासाठी त्याचा विचारही होऊ शकत नाही. सह्याद्रीत पर्वत आणि पाणी एकत्र येतात ते धरणांमुळे. प्रवरा नदीवरील भंडारदरा येथील विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले व त्यामागे आर्थर जलाशय निर्माण झाला. मुळशी आणि लोणावळ्याचे जलाशय टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांचे आहेत. खडकवासला, पानशेत, वरसगाव ही धरणे पुण्याची तहान भागवितात, तर कोयनेचा शिवसागर जलाशय महाबळेश्वरच्या पायथ्यापर्यंत पसरला आहे.

हे जलाशय मुळात खेळासाठी नाहीत, ही गोष्ट येथील प्रत्येक शर्यतीच्या आखणीवर परिणाम करते. पाणी सिंचनाचे, पिण्याचे किंवा विजेचे असते आणि त्यात होडी घालण्यासाठी संबंधित यंत्रणेची परवानगी लागते. पाण्याची पातळी वर्षभर बदलते. ऑक्टोबरात काठोकाठ भरलेला जलाशय मार्च-एप्रिलपर्यंत बराच खाली गेलेला असतो. तेव्हा काठावर गुडघाभर चिखल उघडा पडतो आणि पाण्याखाली गेलेल्या झाडांचे खुंट, जुने बांध व घरांचे चौथरे पृष्ठभागाजवळ येतात. दुपारनंतर घाटावर वारा वाढला की मोकळ्या पाण्यात लाटा उठतात. नवशिक्या वल्हेकऱ्याला याची कल्पना नसते, म्हणून पाण्याचा टप्पा शक्यतो सकाळी ठेवतात. या पाण्याखाली गावे आहेत, हेही विसरता येत नाही. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील १९२१ चा मुळशी सत्याग्रह याच जमिनींसाठी झाला होता.

डोंगर आणि पाणी यांची सांगड मात्र येथील भटक्यांना शर्यतींच्या आधीपासून परिचयाची आहे. साताऱ्याकडून वासोट्याला जाताना बामणोलीहून होडीने शिवसागर ओलांडावा लागतो व मग जंगलातून चढाई सुरू होते. भंडारदऱ्याहून होडीने रतनवाडीला उतरून अमृतेश्वराच्या मंदिरावरून रतनगडाची वाट धरता येते. तेथून १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखरही दूर नाही. कोलाडची कुंडलिका नदी हे याचे आणखी वेगळे उदाहरण होय. मुळशी जलाशयाचे पाणी घाटाखाली भिरा येथील वीजकेंद्रात उतरते व पुढे कुंडलिकेत सोडले जाते. त्यामुळे पावसाळा संपल्यावरही तेथे राफ्टिंग करता येते. नदीची वेळ तेथे वीजकेंद्र ठरवते.

जमिनीवरील अडचणी निराळ्या आहेत. बेसॉल्टच्या थरांमुळे सह्याद्रीत कातळकडा आणि सपाटी यांच्या पायऱ्या तयार झाल्या आहेत. नकाशावर अर्ध्या किलोमीटरवर दिसणारे ठिकाण प्रत्यक्षात कड्याखाली असते आणि खाली जाणारी नाळ सापडली नाही तर दोन तासांचा वळसा पडतो. कारवीच्या रानात ढोरवाटा एकमेकींत मिसळतात, उतारावर घसारा असतो, कड्यांवर आग्या मधमाश्यांची पोळी असतात. फेब्रुवारीनंतर झरे आटतात. मग गडावरील कातळात खोदलेली टाकी हाच पाण्याचा आधार. या सर्व कारणांनी शर्यतींचा योग्य हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढाच उरतो.

महाराष्ट्रातील शर्यती

राज्यातील या खेळाची पायाभरणी गिर्यारोहण संस्थांनी केली. मुंबईची गिरिविहार (१९५४) आणि पुण्याची गिरिप्रेमी (१९८२) यांसारख्या संस्थांनी दोराचे तंत्र, नकाशावाचन आणि बचावकार्य जाणणारी माणसे घडविली. अशा मनुष्यबळावाचून शर्यत भरविणे शक्य नसते.

पुण्याच्या नॅशनल एज्युकेशन फाउंडेशनने २००३ साली सुरू केलेली 'एंड्युरो३' ही राज्यातील सर्वांत परिचित साहसी शर्यत होय. नावाप्रमाणे तिच्यात तिघांचा संघ असतो. पदभ्रमण, सायकल, कयाक आणि नदी ओलांडणे हे तिचे मुख्य टप्पे असून ती पुण्याभोवतीच्या डोंगर व जलाशयांच्या टापूत होते. अनुभवी संघांबरोबरच नवशिक्यांसाठीही वेगळे गट असल्याने, पहिल्यांदाच शर्यतीत उतरणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना तिचे दार खुले राहिले. या खेळाचा सर्वांत मोठा अडसर खर्चाचा आहे. डोंगरात चालणारी सायकल, होडी, शिरस्त्राण, दिवे, दोर हे सारे विकत घेणे सामान्य घरातील मुलांच्या आवाक्याबाहेरचे असते. आयोजकांनी होड्या पुरविल्या तर तो भार हलका होतो.

शेजारच्या गोव्यात २०१९ पासून अर्धअंतर आयर्नमन स्पर्धा होऊ लागली (१.९ किमी पोहणे, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणे). तिच्यात मराठी स्पर्धकांची संख्या लक्षणीय असते. ती साहसी शर्यत नव्हे, परंतु तिच्यामुळे बहुक्रीडा सरावाची सवय शहरांत रुजली.

धोके आणि नियमन

साहस आणि निष्काळजीपणा यांतील सीमारेषा आयोजनातच आखली जाते, हे काही दुर्घटनांनी दाखवून दिले. २००४ साली अमेरिकेत 'प्रायमल क्वेस्ट' या शर्यतीत निसटलेल्या शिळेखाली सापडून एका ऑस्ट्रेलियन स्पर्धकाचा मृत्यू झाला. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतातील १०० किलोमीटरच्या डोंगरी धावशर्यतीत अचानक हवामान पालटले आणि थंडी, वारा व गारपिटीत २१ धावपटू मरण पावले. वारारोधक जाकीट हे त्या शर्यतीत सक्तीच्या साहित्यात नव्हते. सक्तीच्या साहित्याची यादी स्पर्धकांना जाचक वाटते. परंतु ती यादी आणि प्रारंभी होणारी तिची तपासणी ही संरक्षणाची पहिली फळी आहे.

सह्याद्रीत गारठ्यापेक्षा उष्माघात आणि बुडणे यांचा धोका मोठा. जीवरक्षक जाकीट अंगात घालून त्याचे बंद आवळलेले असणे, प्रत्येक पाणटप्प्यावर बचावहोडी असणे आणि पोहता येत असूनही जाकीट न काढणे, हे नियम साधे आहेत. जाकीट होडीत ठेवून पाण्यात उतरणारे बहुतेक जण स्वतःला पट्टीचे पोहणारे समजतात. तलावात पोहणे आणि थकलेल्या शरीराने, बूट-कपड्यांसह, चिखलाच्या काठाशी झुंजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

डोंगरात अपघात झाला तर पहिली मदत बहुधा स्थानिकांकडून व स्वयंसेवी पथकांकडून मिळते. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र ही संस्था यासाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर अशा पथकांमध्ये समन्वय साधते.

शासकीय नियमनाचा प्रवास न्यायालयाच्या वाटेने झाला. साहसी शिबिरात मुले गमावलेल्या पालकांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर राज्य शासनाने २०१४ साली नियमावली काढली. तिच्यातील काही अटी अव्यवहार्य असल्याचा आक्षेप गिर्यारोहण संस्थांनी घेतला व २०१८ मध्ये सुधारित शासन निर्णय आला. ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर झाले. जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही ठिकाणच्या उपक्रमांना ते लागू असून आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. याशिवाय अभयारण्यातून मार्ग जात असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वनविभागाची परवानगी अनिवार्य आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि कोयना ही दोन्ही अभयारण्ये नेमकी सर्वांत देखण्या जलाशयांच्या काठी आहेत.

विदर्भातील स्थिती

विदर्भात पाणी आणि डोंगर यांची उणीव नाही. नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर रामटेकच्या टेकड्यांजवळ खिंडसी तलाव आहे व तेथे नौकाविहार चालतो. अमरावती जिल्ह्यातील गाविलगडच्या डोंगरांत, सुमारे १,१०० मीटर उंचीवर, चिखलदरा हे विदर्भातील एकमेव थंड हवेचे ठिकाण आहे. गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधचा प्राचीन तलाव आहे. तरीही लांब पल्ल्याची शर्यत येथे सहज आखता येत नाही, कारण हे बहुतेक पाणी वाघाच्या राज्यात आहे. मेळघाट हे व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक; तोतलाडोहचा जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो; नवेगाव-नागझिरा २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला. अशा जंगलात पायी, रात्री, दिवे घेऊन चालणे स्पर्धकाच्या आणि वन्यप्राण्यांच्या दृष्टीनेही अयोग्य ठरते. रात्रीचा टप्पा वगळला तर शर्यत एका दिवसात बसवावी लागते.

नागपूरकरांनी मात्र दीर्घ पल्ल्याच्या सायकलस्पर्धांत नाव मिळविले आहे. येथील डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी ओलांडणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. पुढील वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही ९,००० किलोमीटरांहून लांब, टप्प्याटप्प्यांची शर्यतही त्यांनी पार पाडली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंच्या चमूने अमेरिकेतील तीच स्पर्धा दोघांच्या गटात पूर्ण केली होती.

नागपूरच्या परिसरात साहसी शर्यत भरवायची झाल्यास हवामानाने तिचा काळ आधीच नेमून दिला आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि मार्चपासूनच दुपार असह्य होऊ लागते. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात राखीव वनाबाहेरील रस्ते, रामटेकची टेकडी आणि परवानगी मिळाल्यास खिंडसीचे पाणी जोडून, पहाटे सुरू होऊन दुपारपूर्वी संपणारी शर्यत येथे बसू शकते.