मूल कॉलर, दुपट्टा, पेन्सिल चघळतं? रागावण्याआधी हे वाचा

बालवाडीपासून दुसरी-तिसरीपर्यंतच्या कुठल्याही वर्गात डोकावून बघा. कुणाच्या शर्टाची कॉलर ओली असते, कुणाच्या बाहीचं टोक कुरतडलेलं असतं, कुणाच्या पेन्सिलवर दातांच्या खुणा असतात. मकतबमध्ये मुलींच्या तोंडात दुपट्ट्याचं टोक असतं आणि मुलांच्या तोंडात गळ्यातल्या तावीजचा दोरा. घरी कळलं की आधी ओरडा, मग हातावर फटका, आणि शेवटी कुणीतरी बोटाला मिरची लावायला सांगतं. सवय मात्र सुटत नाही, उलट बऱ्याचदा वाढते.

चघळणं ही खोडी नसते. घाबरलेलं, थकलेलं किंवा कंटाळलेलं मूल स्वतःला शांत करण्यासाठी ते करत असतं. जबड्यावर पडणाऱ्या दाबाने त्याला बरं वाटतं. ही सवय नुसती काढून घेता येत नाही, तिच्या जागी दुसरं काहीतरी द्यावं लागतं.

कोणत्या वयात काय चालतं?

चार-पाच महिन्यांचं बाळ हाताला येईल ते तोंडात घालतं. जगाची ओळख करून घेण्याची त्याची ती रीत असते, शिवाय दात येताना हिरड्याही शिवशिवतात. दोन वर्षांनंतर हे हळूहळू कमी होतं. तीन ते सात वर्षांची बरीच मुलं अभ्यास करताना, टीव्ही बघताना किंवा झोप आली की काहीतरी चघळतात. एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. मात्र चार वर्षांनंतरही अंगठा सारखा तोंडात असेल, तर दातांची ठेवण बिघडू शकते. अशा वेळी दातांच्या डॉक्टरांना दाखवावं.

केव्हा चघळतं ते आधी बघा

आठवडाभर एका कागदावर लिहून ठेवा: किती वाजता, कुठे, काय चालू असताना. कारण बहुधा त्यातच सापडतं.

आपल्या पिंपरी, भोसरी, चिखली, चाकण भागात काही कारणं घरोघरी दिसतात. अब्बूंची नाईट शिफ्ट असते, ते दिवसा झोपतात. खोली एकच, म्हणून मुलाला दिवसभर 'आवाज करू नको' ऐकावं लागतं. उड्या मारायला जागा नाही, हातात मोबाईल, आणि तोंडात कॉलर. काही मुलं सकाळी शाळा, दुपारी मकतब, संध्याकाळी ट्यूशन अशी दिवसभर बसूनच असतात. काही घरी उर्दू किंवा भोजपुरी बोलतात आणि शाळेत एकदम मराठी किंवा इंग्रजी ऐकतात. रमजानमध्ये सहरीला जाग येते, झोप अपुरी राहते आणि चघळणं वाढतं.

घर बदलणं हेही मोठं कारण आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखलीत महापालिकेच्या कारवाईत हजारो बांधकामं पाडली गेली, अनेक कुटुंबांचा धंदा आणि राहणं विस्कटलं. अशा उलथापालथीत मोठी माणसं बोलून मन मोकळं करतात, लहान मुलाला ते जमत नाही. नवं घर, नवी शाळा, नवं भावंड, घरातलं भांडण, मयत यानंतर सवय सुरू झाली असेल, तर मुलाला सगळ्यात आधी धीर हवा असतो.

चघळणं वेगळं, गिळणं वेगळं

हा फरक प्रत्येक अम्मी-अब्बूंनी लक्षात ठेवावा. माती, भिंतीचा चुना, खडू, कागद, रंगाचे पोपडे असं काही मूल महिनाभर किंवा जास्त दिवस खात असेल आणि वय दोन वर्षांपेक्षा जास्त असेल, तर डॉक्टरांना दाखवाच. अशा मुलांमध्ये अनेकदा रक्तात लोह कमी असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयी आढळली, म्हणजे दहातली जवळजवळ सात.

अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात पाच वर्षांखालच्या बाळांना आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा गुलाबी गोळी द्यायची असते. अंगणवाडीत, शाळेत ती मिळते का ते विचारा. लहान मुलाला सकाळ-संध्याकाळ चहा-खारी देणं बंद करा, चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. खिमा, कडधान्यं, हिरव्या भाज्या द्या आणि वर लिंबू पिळा.

घरात काय जपायचं?

पेन्सिल: नाव 'शिसपेन्सिल' असलं तरी आतमध्ये शिसं नसतं, ग्रॅफाइट आणि माती असते. वरचा रंग, लाकडाच्या कुसळ्या आणि तुटलेला खोडरबर मात्र घशात जाऊ शकतो.

तावीज: गळ्यातला दोरा आवळला जाण्याची भीती असते, आणि धातूची डबी कशाची बनलीय ते आपल्याला ठाऊक नसतं. लहान मुलाच्या गळ्यात तो ठेवू नका.

सुरमा: अनेक देशांत तपासलेल्या सुरम्यांमध्ये शिसं सापडलं आहे. मूल डोळे चोळतं आणि तेच बोट तोंडात घालतं. शिसं मुलाच्या मेंदूला अपाय करतं. बाजारातला खात्री नसलेला सुरमा मुलांना लावू नका.

कामाचे कपडे: बॅटरी, वेल्डिंग, पेंट शॉप किंवा भंगाराचं काम करणाऱ्यांनी घरी आल्यावर आधी हात-तोंड धुवावं, कपडे बदलावेत, मगच मुलाला उचलावं. ते कपडे वेगळे धुवावेत.

बटणासारखी बॅटरी: रिमोटमध्ये आणि आवाजाच्या खेळण्यांत असते. गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. वाट बघू नका, उलटी काढू नका, थेट रुग्णालयात न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

मग चघळायला काय द्यायचं?

मऊ, न तुटणारं, धुता येणारं सिलिकॉनचं चघळणं मिळतं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे, ती बघूनच खेळणी घ्या. चघळणं रोज धुवा, चीर पडली की फेकून द्या. ते परवडत नसेल तर स्वच्छ सुती रुमाल चालतो. 'कॉलर नाही, रुमाल' एवढंच शांतपणे सांगायचं.

पाच वर्षांपुढच्या मुलाला अभ्यासाआधी चावायला लागेल असं खाणं द्या: काकडी, सफरचंद, गाजर, भाकरीची कड. दाट लस्सी स्ट्रॉने ओढायला द्या. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना शेंगदाणे, फुटाणे, कडक खारीक, कच्च्या गाजराचे तुकडे देऊ नका, घशात अडकतात.

अंगालाही काम द्या. पाण्याची छोटी बाटली भरून आणणं, कणिक मळणं, जिना चढणं, दहा उड्या. शाळा आणि मकतब यांच्यात अर्धा तास खेळ असू द्या. झोपेची वेळ शक्यतो बदलू नका. वर्गशिक्षकांशी आणि मौलाना किंवा आपा यांच्याशीही बोला, म्हणजे तिथे सगळ्यांसमोर टोकणं होणार नाही.

मिरची, कडुनिंबाचा रस, फटका हे उपाय नकोत. मिरचीचं बोट डोळ्यात जातं आणि भीतीने मूल आणखी चघळतं. हजरत अनस (रजि.) लहानपणापासून दहा वर्षं प्यारे नबी (स.) यांच्या खिदमतीत होते. त्या काळात आपल्याला साधं 'उफ'सुद्धा ऐकावं लागलं नाही, असं ते सांगत. मुलांना वळण लावताना हा नमुना आपल्यासमोर आहे.

कुठे दाखवायचं?

नुसतं चघळणं म्हणजे ऑटिझम नव्हे. पण वर्षाचं मूल नावाने हाक मारली तरी बघत नसेल, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरत असेल, तर 'बोलेल हळूहळू' म्हणत थांबू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मोफत तपासणी होते. डॉक्टरांचं पथक येईल तेव्हा मुलाची सवय स्वतः सांगा. पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात बालरोग विभाग आहे, चाकणमध्ये ग्रामीण रुग्णालय आहे. थेरपीबद्दल मोरवाडीतल्या महापालिकेच्या दिव्यांग भवनात विचारता येतं. जाताना तो आठवडाभर लिहिलेला कागद सोबत न्या. डॉक्टरांचे निम्मे प्रश्न त्यातच सुटतील.